सायकल कुणाच्या मापाची?

मैत्रिणींनो, दुकानदार विचारतो, “लेडीज की जेन्ट्स?” पायाची लांबी विचारत नाही. चाकाचा आकडा सांगून बोळवण करतो. आपल्याला हवं फ्रेमचं माप: पेडलच्या धुरीपासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत.

अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा. मांड्यांमध्ये पुस्तक घट्ट वर धरा, तिथून जमिनीपर्यंत मोजा. ढोबळमानाने त्याचा दोन तृतीयांश घ्या. २७ इंच भरलं तर १८ची फ्रेम. सीट वरखाली होते, फ्रेम नाही.

घरातले सगळेच चालवतील म्हणून मोठी घेतली, की ती पुरुषांचीच होते, हे मी घरोघरी पाहिलंय.

जेन्ट्स घ्यायला हरकत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पुदुक्कोट्टईच्या साक्षरता मोहिमेत सायकल शिकलेल्या बायका दांडीवर मूल बसवून जेन्ट्स सायकल चालवत. फक्त दोन्ही टाचा टेकून दांडीच्या वर इंचभर जागा उरते ना, बघा. आणि साडीत चालवणार असाल तर दुकानात साडी नेसूनच जा.