आधी पैसे, मग दिवा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाला काही गोड बोलावे असा रिवाज आहे. पण चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो विजेच्या मीटरचा! तक्रार नाही. गेली दोनतीन वर्षे हा विषय जिन्यात, भिशीत, भाजीच्या गाडीपाशी सारखा निघतो आहे. एकजण म्हणते, प्रीपेड मीटर लागला की बिल दुप्पट होते. दुसरी म्हणते, छे, उलट बचत होते. आवाज दोन्हीकडून चढतो, हिशेब मात्र कोणीच मांडत नाही. घरखर्चाची वही आपल्या हातची, तेव्हा हा हिशेबही आपणच मांडू या.

प्रथम प्रीपेड म्हणजे काय ते पाहू. दुधाचा रतीब आपण महिनाभर घेतो आणि महिनाअखेर पैसे चुकते करतो. विजेचेही आजवर तसेच चालत आले. महिनाभर वापर, मग बिल, आणि घरगुती ग्राहकाला बिलाच्या तारखेपासून पैसे भरायला किमान २१ दिवसांची मुदत. प्रीपेडमध्ये हा क्रम उलटा होतो. पैसे आधी भरायचे, रोजच्या वापराची रक्कम त्यातून वजा होत जाणार आणि शिल्लक संपली की पुरवठा थांबणार. त्यासाठी शिडी घेऊन माणूस यावा लागत नाही. मीटरला दुरूनच आज्ञा जाते.

आता पहिला प्रश्न : ह्या मीटरने वीज महाग होते काय? युनिटचा दर मीटर ठरवीत नाही, वीज नियामक आयोग ठरवितो. महावितरणच्या घरगुती दराला चार टप्पे आहेत : महिन्याला १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वरच्या टप्प्यातील युनिट अधिक महाग. शिवाय स्थिर आकार, वहन आकार, वेळोवेळी इंधन समायोजन आकार, आणि ह्या सर्वांवर शेकडा १६ वीज शुल्क. मीटर बदलला म्हणून यांतली एकही ओळ वाढत नाही.

मग खर्च वाढल्यासारखा का वाटतो? त्याला कारणे आहेत. जुना मीटर मंद झालेला असला तर तो कमी मोजत होता. नवा पुरते मोजतो. स्थिर आकार रोजच्या रोज वजा होत असल्याने आपण आठ दिवस गावी गेलो तरी शिल्लक खाली येते आणि घरी परतल्यावर वाटते, बंद घरात वीज कोणी वापरली! तिसरे कारण टप्प्यांचे. पहिले शंभर युनिट स्वस्त, पुढचे महाग. मोजणी महिनाभर चढत गेली तर पहिल्या आठवड्यात शंभर रुपये जितके पुरतात तितके शेवटच्या आठवड्यात पुरत नाहीत. आणि मागची थकबाकी असेल तर तिचा हप्ताही भरलेल्या रकमेतूनच कापला जाऊ शकतो. यांपैकी कोणते कारण आपल्या घरी लागू आहे, हे पाहिल्याशिवाय मीटरला दोष देऊ नये, आणि त्याला निर्दोषही म्हणू नये.

दुसरा प्रश्न अनामत रकमेचा. आज महाराष्ट्रात दरमहा बिल येणाऱ्या ग्राहकाची अनामत सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते. हजार रुपये बिल असेल तर सुमारे दोन हजार. ही अनामत कशासाठी? आपण आधी वापरतो आणि मागाहून देतो, म्हणून. प्रीपेडमध्ये आपण आधी देतो. मग अनामतीचे कारणच उरत नाही. वीज कायदा, २००३ याच्या कलम ४७ मध्ये स्पष्टच म्हटले आहे की प्रीपेड मीटरवर वीज घेणाऱ्याकडून अनामत मागता येणार नाही. तेव्हा कोणाच्या घरी असा मीटर लागला तर पहिला प्रश्न हा : माझ्या जुन्या अनामतीचे काय केले? ती परत मिळाली, की खात्यात जमा झाली? उत्तर तोंडी नको, लेखी हवे.

आगाऊ पैसे भरण्याचे नुकसान किती, तेही मांडून पाहू. पूर्वीच्या मानाने पैसे साधारण पन्नास दिवस आधी जातात असे धरा. हजार रुपयांचे पन्नास दिवसांचे व्याज शेकडा सहाने होते आठ रुपये. म्हणजे वर्षाला शंभराच्या आत. ज्या घरी महिन्याचा पगार येतो त्या घराला हे जड नाही. ज्यांची मिळकत रोजची, त्यांना शंभर-दोनशे रुपये भरून वीज घेता येणे सोयीचेही वाटेल. घराला कुलूप होते म्हणून सरासरीचे बिल येणे टळेल, भाडेकरू आणि घरमालक यांचे तंटे कमी होतील. हे फायदे खरे आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत.

तिसरा प्रश्न खुद्द मीटरच्या किमतीचा. “मीटर फुकट आहे” असे सांगतात. दारात पैसे मागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. केंद्र सरकारने २०२१ साली जी वितरण सुधारणा योजना आणली, तिच्यात देशभर २५ कोटी मीटरांचे उद्दिष्ट होते आणि आपल्यासारख्या राज्याला एका मीटरमागे फार तर ९०० रुपये अनुदान. महाराष्ट्रात २०२३ साली जी कंत्राटे दिली गेली, त्यांत एका मीटरचा खर्च, बसविणे आणि पुढील वर्षांची देखभाल धरून, सुमारे १२ हजार रुपये असल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. अनुदान वजा जाता अकरा हजारांहून अधिक उरतात. हे ९० महिन्यांवर वाटले तर महिन्याला सव्वाशेच्या घरात रक्कम येते. कंपनीचे म्हणणे असे की वीजचोरी आणि गळती कमी होऊन हा खर्च निघेल. निघाला तर उत्तमच. न निघाला तर तो दरवाढीच्या वाटेने आपल्याच वहीत येईल. म्हणून आयोग दरवाढीच्या प्रस्तावावर हरकती मागवितो, तेव्हा मीटरखर्चाचे काय झाले हे विचारणे आपले काम आहे. आयोगापुढे सामान्य ग्राहकालाही हरकत नोंदविता येते, त्याला वकील लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते प्रीपेडची खरी किंमत रुपयांत नाही. ती आहे उसंतीची. आज बिल थकले तरी वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याखेरीज पुरवठा तोडता येत नाही. ते पंधरा दिवस म्हणजे केवढा आधार! कोणाचा पगार लांबला, कोणाचे माणूस दवाखान्यात, तरी तेवढ्यात काहीतरी तजवीज होते. प्रीपेडमध्ये ही उसंत शिल्लक रकमेइतकीच. मोबाईलवर सूचना येते म्हणतात. पण मोबाईल यजमानांच्या खिशात आणि यजमान फिरतीवर, अशी घरे आपल्याच आळीत किती आहेत! घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, तान्हे मूल, वाफ घ्यायचे यंत्र. दिवा गेला की त्यांची गैरसोय कोण निभावते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आणि यंत्र म्हटले की चूक आलीच. उत्तर प्रदेशात १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन जन्माष्टमीला, चुकीची आज्ञा गेल्यामुळे स्मार्ट मीटर असलेल्या लाखाहून अधिक घरांची वीज एकदम गेली. त्या घरांचा दोष काही नव्हता. तोडणे दुरून आणि क्षणात होते. जोडणेही तितक्याच तत्परतेने व्हावे, एवढेच मागणे आहे.

विलायतेत आगाऊ पैशांच्या मीटरचा अनुभव जुना आहे. पूर्वी तिथे मीटरमध्ये नाणे टाकून गॅस आणि वीज घेत. अनेक वर्षे अशा घरांना, म्हणजे बहुधा गरिबांनाच, इतरांहून जास्त पैसे मोजावे लागत. २०२३ साली सरकारने अनुदान देऊन तो फरक मिटविला. त्याच वर्षी, थकबाकीदारांच्या घरात जबरीने मीटर बसविल्याची प्रकरणे उघडकीस आल्यावर, नियम कडक झाले. दोन वर्षांखालील मूल असलेल्या घरात असा मीटर सक्तीने बसवू नये, असे ठरले. रात्री आणि सुटीच्या दिवशी शिल्लक संपली तरी पुरवठा न तोडण्याची पद्धतही तिथे आहे. जे तिथे ठेचा खाऊन शिकले, ते आपण आधीच मागून का घेऊ नये?

आपल्याकडे काय झाले? केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत नवी जोडणी प्रीपेड मीटरवरच द्यावी, अपवाद आयोगाच्या संमतीने, असे होते. महाराष्ट्रात विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये त्या वेळचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर बसू लागले ते ‘टीओडी’ मीटर. त्यांत बिल पूर्वीसारखे मागाहून येते, मात्र दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद होते. १ जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत जाहीर झाली. कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, पाण्याचा पंप ही कामे दिवसा उरकणे त्यामुळे हिताचे.

भगिनींनो, मीटर आज प्रीपेड नसला तरी यंत्र दुरून चालविता येण्याजोगे आहे. तेव्हा सावध राहावे, घाबरू मात्र नये. चार गोष्टी प्रत्येकीने कराव्यात. जुना मीटर काढताना त्याचे शेवटचे आकडे आणि नव्याचे पहिले आकडे लिहून घ्यावेत, फोटो काढावा. अनामतीची पावती जपून ठेवावी. महिनाभर रोज एकाच वेळी आकडे वहीत टिपावेत. आणि आकडा पटला नाही तर लेखी तक्रार करावी. २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर लावून किमान तीन महिने वापर तपासावयाचा आहे. तेथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

ज्यांना हे लिहिणे जमणार नाही त्यांच्यासाठी मंडळाने दर महिन्याला एक दुपार ठेवावी, अशी माझी विनंती आहे. दोघी-तिघींनी बिले वाचून दाखवावीत, अर्ज लिहून द्यावेत. हळदीकुंकवाला आपण घरोघर जातोच. तेव्हा एखादीच्या घरी अंधार असला तर तो का आहे, हेही विचारावे. पैसे आधी घ्या की मागाहून घ्या. पण उसंत न देता कोणाचा दिवा मालवू नका, एवढे म्हणण्याचा हक्क आपला आहे, आणि तो एकत्र मिळून सांगितला तर ऐकला जातो.