रंगभवन आणि शेवटची लोकल



गाणे आठवले की ते जेथे ऐकले ती जागाही आठवते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडील आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळांना इलेक्ट्रिक गिटारचा सूर कानी पडला म्हणजे मुंबईतील धोबीतलावचे रंगभवन आठवते. त्या रंगभवनाविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

सेंट झेवियर्स महाविद्यालयाजवळचे हे खुले नाट्यगृह. वर आकाश, समोर मंच. १९७८ साली येथे 'जॅझ यात्रा' भरली, तेव्हा सॉनी रोलिन्ससारखा थोर सॅक्सोफोनवादक येथे वाजवून गेला. पुढे १९८६ साली 'इंडिपेन्डन्स रॉक' हा रॉक संगीताचा उत्सव सुरू झाला आणि रंगभवन तरुणांचे झाले. 'रॉक मशीन', म्हणजेच १९९३ नंतरचे 'इंडस क्रीड', हे वाद्यवृंद परक्यांची गाणी वाजवता वाजवता स्वतःची गाणी रचू लागले, आणि ती ऐकायला हक्काचा श्रोता येथे मिळाला.

हा श्रोता कोठून येई? बराचसा लोकलने येई. डोंबिवली ते व्हीटी सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर. एकाने कॅसेट विकत घ्यायची आणि दहा जणांनी तिच्यावरून भरून घ्यायची, असे ते दिवस. ज्यांची गाणी अशी घासून घासून ऐकली, तसे संगीत प्रत्यक्ष ऐकायचे म्हणजे केवढे अप्रूप! भिजलेले कपडे, चिखल झालेले बूट, नाव ठाऊक नसलेल्या शेजाऱ्याच्या खांद्यावर हात. घरची वडील मंडळी म्हणत, "हा कसला धांगडधिंगा?" पण भजनी मंडळात टाळ कुटताना देहभान हरपते, त्याच जातीचा हा आनंद होता, असे मला वाटते.

आम्हां उपनगरवासीयांची एक अडचण मात्र खास होती. शेवटचे गाणे ऐकावे, की शेवटची लोकल गाठावी? मुंबईतले मित्र अखेरपर्यंत थांबत. आम्ही मात्र गाणे पाठीमागे चालू असतानाच स्टेशनाकडे धावत सुटत असू. शेवटी काय वाजवले, हे दुसऱ्या दिवशी कॉलेजात विचारून घ्यायचे!

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता पाळावी, असे ठरले. रंगभवनाजवळ कामा रुग्णालय, शिवाय महाविद्यालय. पुढे दोन-चार वर्षांतच तेथील मैफली थांबल्या. याबद्दल कुरकुर करणे बरे नव्हे. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची झोप ही कोणत्याही गिटारपेक्षा मोलाची, हे मान्य केलेच पाहिजे.

प्रश्न आहे तो त्यापुढचा. एक जागा बंद करताना दुसरी द्यायला नको का? ठाण्यात गडकरी रंगायतन आहे, कल्याणात अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. ही बांधली नाटकासाठी, खुर्चीत बसून पाहण्यासाठी. नव्या मुंबईच्या स्टेडियमवर परदेशी कलावंत येतात, पण त्यांची तिकिटे हजारोंच्या घरात. गल्लीतल्या चार पोरांनी बसवलेले गाणे दोन-तीनशे लोकांसमोर म्हणायचे कोठे?

आपल्या नगरपालांनी रुग्णालयापासून दूर आणि स्टेशनाजवळ एखादे साधे खुले नाट्यगृह उभारावे, कार्यक्रम दहाच्या आत संपवावा. म्हणजे झोपणाऱ्यांची झोप मोडणार नाही, आणि डोंबिवलीच्या पोरांना शेवटचे गाणेही ऐकता येईल.