'सेटल कधी होणार?'

श्रोतेहो, वेळ थोडा आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. घरातलं पोरगं लेसरवर संशोधन करत असेल, तर दर दिवाळीला त्याला 'सेटल कधी होणार?' असं विचारू नका.

आपल्या हैदराबाद विद्यापीठातले सोमा वेणुगोपाल राव अतिजलद लेसरवर काम करतात. पीएच.डी. इथलीच; मग स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज, मग पुन्हा गच्चीबावलीतलं हेच विद्यापीठ. चांदी-सोनं द्रवात बुडवून त्यावर लेसरचे झटके मारायचे, त्यातून सुटलेल्या नॅनोकणांच्या मदतीनं स्फोटकाचा लेशमात्र अंश हुडकायचा, असं त्यांच्या गटाचं काम. झटका केवढा? प्रकाश एका सेकंदात जवळपास चंद्र गाठतो. १०० फेमटोसेकंदांच्या अशा एका झटक्यात जातो फक्त ३० मायक्रॉन. केसाची जाडीही भरत नाही!

एवढा आखूड झटका थेट बलवान करायला गेलात, तर ज्या स्फटिकातून तो जातो तोच जळतो. काचीगुड्यातल्या आमच्या वाड्यातलं लग्न आठवतं. सगळी मंडळी एकदम मुदपाकखान्याच्या दारात घुसली, तर चौकट उखडेल. म्हणून रांग लावायची, एकेकाला वाढायचं आणि भरल्या ताटांनिशी सगळ्यांना अंगणात दाटीवाटीनं बसवायचं. लेसरचंही तेच. झटका आधी ताणा, मग वाढवा, मग आवळा.

अमेरिकेत रॉचेस्टरला डोना स्ट्रिकलंड यांनी गुरू जेरार मूरू यांच्याबरोबर १९८५ साली हे जमवलं. झटका ताणायला १.४ किलोमीटर काचतंतू लागला, आणि नोबेलला ३३ वर्षं! २०१८ मध्येही बाई सहयोगी प्राध्यापकच होत्या. बढतीचा अर्जच केला नव्हता. हे ऐकून आमच्या वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, एक कागद भरायला काय झालं होतं?"

तर पुन्हा सांगतो, कारण कोणी मध्येच चहा ठेवायला उठलं असेल. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, पुढे परदेशातली पोस्टडॉकची, ही ती रांग आहे. ताट अजून रिकामं दिसतं, म्हणून पोराला रांगेतून ओढून काढू नका. शेजारचा बावीसाव्या वर्षी हायटेक सिटीत लागला असेल. त्याची पंगत वेगळी. आणि मुलींना तर रांगेत उभं असतानाच आपण स्थळं... पण समोर वेळ संपल्याचा तांबडा दिवा लागलाय. ते पुढच्या वेळी, बोलावलंत तर.