मूठमातीची भाषा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



‘मूठमाती देणे’ हा शब्दप्रयोग आपण सभासंमेलनांत सहज वापरतो. अमक्या रूढीला मूठमाती द्या, म्हणतो. पण हा शब्द मुळात स्मशानातला, कब्रस्तानातला. आमच्यात मय्यत कबरीत ठेवली की प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. लिंगायत बांधव मृताला बसवून माती देतात. तान्हे बाळ गेले तर हिंदू घरांतही बहुधा त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. तोंडून शब्द फुटत नाही तेव्हा हात मातीकडे जातात. महाराष्ट्रात ही रीत फार जुनी आहे.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी आदी संशोधकांनी उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिथली माणसे आपले मृत गावाबाहेर नेत नसत. घराच्या जमिनीखाली किंवा अंगणातच पुरत. मोठ्या माणसांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळली. गेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून तसे करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

आणि लहान मुले? त्यांच्यासाठी दोन मडकी. खड्ड्यात आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आत मूल. जवळ एखादा वाडगा, तोटीचे एखादे भांडे. ही जोडमडकी म्हणजे पुन्हा आईचे पोटच, असे काही अभ्यासकांना वाटते. मला ते पटते. प्रवरेकाठच्या नेवाशालाही, जिथे पुढे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच काळातली अशी दफने मिळाली. तिथल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी ओवलेल्या धाग्याचा अंशही उरला होता. कुणीतरी ती माळ घातली आणि काढून घेतली नाही. तांबे तेव्हा स्वस्त नव्हते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिम मेक्सिकोत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लोक विहिरीसारखे खोल खड्डे खणून तळाशी मृतांसाठी दालने करत. त्यांत भाजलेल्या मातीच्या मूर्ती ठेवत. मूल मांडीवर घेतलेली बाई, माणसांनी भरलेले घर, गुबगुबीत कुत्रा. असली बहुतेक थडगी चोरांनी लुटली, मूर्ती विकल्या गेल्या. आता काचेच्या कपाटातली ती बाई कुणासाठी घडवली होती, हे सांगायला शेजारी तिचा मृत नाही. म्हणून हलिस्को प्रांतात वित्सिलापा इथे १९९३ साली न लुटलेले थडगे सापडले, त्याचे मोल मोठे. तिथे मातीने माणसाचा आकार घेतला, आपल्याकडे पोटाचा.

हे आज का सांगायचे? आपल्याकडे लहान मुलाचा मृत्यू हा लहान मृत्यू समजला जातो. त्याचे सुतक थोडे, रडणे थोडे. चार दिवसांत आईला सांगतात, “वय आहे अजून, दुसरे होईल.” सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण त्या वाक्याने आईचे तोंड बंद होते. बाळाचे नाव घरात पुन्हा कुणी घेत नाही. आमच्या धर्मात जन्मून एकदा रडलेल्या बाळालाही नाव देतात, त्याच्या जनाज्याची नमाज पढतात. तरीही आमच्या घरांत ते वाक्य ऐकू येतेच.

इनामगावच्या आईला लिहिता येत नव्हते. तिचे एकही गाणे आपल्यापर्यंत आले नाही. पण आपले मूल तिने गावाबाहेर टाकले नाही, रोजच्या वावरातल्या भुईखाली ठेवले. त्यावरूनच ती सारवत असेल, तिथेच दळत असेल. दुःख विसरण्याची सक्ती तिच्यावर नव्हती, असे ती मडकी सांगतात.

शेजारच्या घरात असे मूल गेले, तर दुसऱ्याचे बोलू नका. गेलेल्याचे नाव विचारा. आई सांगेल. तेवढे ऐकून घेणे हीसुद्धा मूठमातीच आहे.