संमेलन कोणाच्या गावी?

साहित्याचे संमेलन कोठे भरावे, हा प्रश्न वरवर पाहता मांडव, निवास आणि भोजन यांच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः तो वाचकाच्या हक्काचा प्रश्न आहे. १९८१ साली गंगाधर गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली छप्पन्नावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रायपूर येथे भरले, तेव्हा भिलाई-३ मधील मराठी वाचकाला ते शेजारच्या शहरी होते. संमेलन दूर गेले की रजा आणि प्रवासखर्च यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. पुस्तकांचा विचार त्यानंतर.

एकाहून अधिक गावांची निमंत्रणे आली म्हणजे निवाडा कसा करावा? याच्या दोन रीती आहेत. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाची स्थळ निवड समिती जागेची पाहणी करते आणि तिच्या शिफारशीवर महामंडळ निर्णय घेते. चौऱ्याण्णवाव्या संमेलनासाठी नाशिक आणि दिल्ली अशी दोन्हीकडची निमंत्रणे होती. जानेवारी २०२१ मध्ये नाशिकची निवड झाली. दिल्लीकरांना फेब्रुवारी २०२५ पर्यंत थांबावे लागले.

दुसरी रीत मतदानाची. १९३९ साली न्यूयॉर्क येथे सुरू झालेल्या विज्ञानकथाप्रेमींच्या जागतिक संमेलनाचे स्थळ सभासद मतांनी ठरवितात. मात्र त्यासाठी भावी संमेलनाचे शुल्क आगाऊ भरावे लागते. नाशिकचे संमेलन डिसेंबर २०२१ मध्ये पार पडले आणि त्याच महिन्यात वॉशिंग्टन येथे २०२३ च्या स्थळाची मतमोजणी झाली. चीनमधील चेंगडू शहरास २,००६, तर कॅनडातील विनिपेगला ८०७ मते मिळाली. पुष्कळ मतपत्रिकांवर पूर्ण पत्ता नव्हता, यावरून वाद माजला. तथापि त्या ग्राह्य धरण्यात आल्या.

समितीच्या रीतीत साधनसंपन्न यजमान उठून दिसतो. मतदानाच्या रीतीत ज्याच्यामागे शुल्क भरू शकणारे अधिक, तो जिंकतो. दोहोंतही लहान गावातील निष्ठावंत वाचक मागे पडण्याचे भय आहे.

नाशिक संमेलनाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर यांच्याच चरित्रात यावर एक बोधप्रद उदाहरण सापडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. आपल्या कीर्तीचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, हा त्यामागील हेतू. कथेस प्रथम पारितोषिक मिळाले, ते कथेच्या बळावर.

निमंत्रणांची पारखही अशीच व्हावी. यजमानाचे नाव आणि वैभव क्षणभर झाकून ठेवावे. त्या परिसरात वाचक किती, ग्रंथालये कशी चालतात आणि मांडव उतरल्यावर तेथे काय उरेल, एवढेच पाहावे. निर्णय कोणताही होवो, त्याची कारणे जाहीर केली जावीत. ज्या गावाचे निमंत्रण मागे राहिले, त्याला पुढच्या खेपेस काय करावे हे तरी त्यावरून कळेल.