आकाशांतली छत्री व घरांतलें बिनतारी जाळें

आजच्या माझ्या भाषणाचा विषय आपणांस किंचित् रूक्ष वाटण्याचा संभव आहे. गच्चीवरच्या छत्रीला जोडलेला जो खोका आपल्या बैठकीच्या खोलींत टीव्हीजवळ असतो, ज्यास आपण सेट-टॉप बॉक्स म्हणतों, तो घरांतल्या वायफायला कसा जोडावा व मुळांत कां जोडावा, हा तो विषय होय. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आतां निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. यंत्रविद्येचा पंडित नव्हे. परंतु भाईंदर पूर्वेस केबिन रोडवर, जेथें माझें बिऱ्हाड आहे, तेथें हा प्रश्न वारंवार कोणाच्या ना कोणाच्या घरीं उभा राहतो. त्याचें उत्तर ठाऊक नसल्यामुळें वडीलधाऱ्या मंडळींचा पैसा जातो, वेळ जातो, आणि आपल्याच घरांतल्या वस्तूपुढें आपण परावलंबी झालों, असा एक सल मनांत राहतो. हा सल अनाठायीं आहे, एवढेंच मला आज दाखवावयाचें आहे.

घरांत चित्र व ध्वनि येण्याचे आज दोन रस्ते आहेत. एक आकाशाचा, दुसरा गल्लीचा. आकाशाचा रस्ता छत्रीवर येऊन संपतो. गल्लीचा रस्ता इंटरनेटच्या तारेनें घरांत शिरतो व राउटर नांवाच्या लहानशा पेटीपाशीं येतो. या दोहोंचा स्वभाव अगदीं निराळा आहे. तो एकदां उमगला, म्हणजे पुढचें सारें काम अर्धें झालें असें समजावें.

आकाशाचा रस्ता आपल्या देशांत फार जुना नाहीं. मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें ध्वनिक्षेपण २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. दूरदर्शनाचें मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड केलेल्या काड्यांच्या अँटेना घरोघर गच्चीवर दिसूं लागल्या. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या एका वर्षांत अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतल्या सुमारें २,४०० खेड्यांना थेट आकाशांतून चित्रें दाखविण्याचा प्रयोग झाला. पुढें २००३ सालीं पहिली खाजगी घरगुती डिश-सेवा निघाली, आणि २००४ च्या डिसेंबरांत प्रसार भारतीची विनामूल्य सेवा सुरू झाली. तिलाच आज आपण डीडी फ्री डिश म्हणतों.

आतां या छत्रीचें काम पाहा. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह पृथ्वीच्याच गतीनें फिरत असतो, म्हणून तो आपणांस एके जागीं खिळल्यासारखा वाटतो. फ्री डिशसाठीं वापरला जाणारा जीसॅट-१५ हा उपग्रह २०१५ सालीं सोडण्यांत आला, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आपल्या बाजूनें पाहतां आग्नेयेस. त्याच्याकडून येणारी लहर अतिशय क्षीण असते. छत्रीचा खोलगट पत्रा ती एके ठिकाणीं गोळा करतो. छत्रीच्या तोंडाशीं जो लहान डबा असतो, ज्यास एलएनबी म्हणतात, तो तिची कंपनसंख्या उतरवितो व जाड काळ्या केबलीतून ती खालीं आपल्या खोक्यांत पाठवितो.

ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ही छत्री केवळ ऐकते, बोलत नाहीं. आपण रिमोटचें बटण दाबून वाहिनी बदलतों, तेव्हां आकाशांत कोणताहि निरोप जात नाहीं. साऱ्या वाहिन्या पावसासारख्या एकदमच आपल्या गच्चीवर पडत असतात. खोका त्यांतली एक निवडून घेतो. पाऊस अमक्याच्याच अंगणांत पड म्हणून सांगतां येत नाहीं. त्याचप्रमाणें, काल चुकलेलें कीर्तन आज पुन्हां दाखव, असें छत्रीला सांगतां येत नाहीं.

गल्लीचा रस्ता टपालासारखा आहे. तेथें आपण पत्र धाडावें व उत्तर यावें, असा दुतर्फा व्यवहार चालतो. जुना चित्रपट, चुकलेली मालिका, परगांवच्या कार्यक्रमाचें चित्रण, जें मागावें तें मिळतें. परंतु मागितल्यावांचून मिळत नाहीं. खोका वायफायला जोडणें याचा अर्थ इतकाच कीं, केवळ ऐकणाऱ्या यंत्राला आपण लिहावयास शिकवितों. त्यामुळें छत्रीवरच्या वाहिन्या फुकट होत नाहींत, त्यांचें मासिक शुल्क चुकत नाहीं. आणि वायफाय नाहीं म्हणून त्या बंदहि पडत नाहींत. हे दोन्ही गैरसमज मीं सुशिक्षित घरांतून ऐकले आहेत.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: आपला खोका कोणत्या जातीचा आहे? साधा खोका असेल तर त्यास जाळ्याशीं कांहींच कर्तव्य नसतें. दुसऱ्या जातीच्या खोक्याला मागें इंटरनेटची तार लावण्याचें चौकोनी भोंक असतें, किंवा यूएसबीच्या जागीं बोटाएवढें वायफायचें यंत्र लावतां येतें. मात्र बनविणाऱ्या कंपनीनें मान्य केलेलेंच यंत्र त्यास चालतें. तिसऱ्या जातीच्या खोक्यांत वायफाय मुळांतच असतें. आणि आपला टीव्हीच जर स्मार्ट असेल, तर खोका बदलण्याचें कारणच नाहीं. टीव्हीच वायफायला जोडावा व छत्रीचा खोका आहे तसा राहूं द्यावा. हें एक वाक्य ठाऊक असतें, तर कित्येकांचे पैसे वांचले असते.

दुसरा प्रश्न, राउटर कोठें ठेवला आहे? १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं भिंतीपलीकडे विद्युल्लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. तेव्हां भिंतींतून लहर जाते, ही गोष्ट नवी नाहीं. परंतु सिमेंट व लोखंडी सळ्यांच्या भिंतींतून जातां जातां ती थकते. पोलादी कपाट, मोठा आरसा, पाण्याचें पिंप, हीं तर तिचे शत्रूच. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात, २.४ गिगाहर्ट्‌झची व ५ गिगाहर्ट्‌झची. पहिली सावकाश पण भिंती ओलांडून दूर जाणारी; दुसरी वेगवान पण भिंतीपुढें लवकर हार खाणारी. केबिन रोडसारख्या दाट वस्तींत पहिल्या प्रकारांत फार गर्दी होते, कारण प्रत्येक बिऱ्हाडाचा राउटर त्याच वाटेनें बोलत असतो, आणि स्वयंपाकघरांतला मायक्रोवेव्हहि त्याच कंपनसंख्येजवळ गुणगुणत असतो. म्हणून खोका व राउटर एकाच खोलींत असतील तर ५ चें जाळें निवडावें. मध्यें भिंती असतील तर २.४ चें. आणि तार ओढणें शक्य असेल, तर तारेसारखें दुसरें कांहीं नाहीं. तिला गर्दी नाहीं व भिंतहि नाहीं.

आमच्या इमारतींत एक आजी एकट्या राहतात. मुलगा अमेरिकेंत. तेथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवांत नात नाट्यगीत गाणार होती व तें गाणें यूट्यूबवर येणार होतें. आजींची दृष्टि अधू, फोनच्या चिमुकल्या पडद्यावर त्यांना कांहीं दिसेना. टीव्हीवर दिसावें ही त्यांची इच्छा. एक कारागीर आला, खोका जुना झाला, नवा घ्या, असें सांगून केवळ पाहण्याची मजुरी घेऊन गेला. आजींनीं मला विचारलें, "मास्तर, आभाळांतून इतक्या लांबून येतें, मग आंतल्या खोलींतून बाहेरच्या खोलींत कां हो येत नाहीं?" प्रश्न अगदीं मार्मिक होता. छत्तीस हजार किलोमीटरची वाट मोकळी असते. अडतें तें शेवटच्या वीस फुटांत.

शेजारची नववींतली मुलगी आली. तिनें पाहिलें तों राउटर आंतल्या खोलींत पोलादी कपाटामागें, खोक्याला २.४ चीच भाषा येत होती, आणि राउटरवर तें जाळें कोणीतरी बंद करून ठेवलें होतें. तिनें तें सुरू केलें, राउटर दाराजवळच्या फळीवर मांडला, आणि रिमोट आजींच्याच हातीं दिला. सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग वायफाय, जीं नांवें दिसतील त्यांतलें आपलें निवडावें, मग पासवर्ड. एक एक अक्षर बाणाच्या बटणानें शोधून दाबावयाचें, मोठी लिपी व लहान लिपी यांचा भेद सांभाळावयाचा. पाव तास गेला. पण तो पासवर्ड आजींनीं स्वतः भरला, हें मला फार महत्त्वाचें वाटतें. मुलीनें भरून दिला असता तर एक मिनिटांत काम झालें असतें, आणि पुढच्या महिन्यांत पुन्हां तिलाच बोलवावें लागलें असतें. आतां वीज जाऊन आली व जोडणी तुटली, तर आजी कोणाची वाट पाहत नाहींत. घरांत तरुण मुलें आहेत त्यांस माझें सांगणें आहे: आजीआजोबांचें काम करून देऊं नका, शेजारीं बसून त्यांच्याकडून करवून घ्या.

आतां थोडें गणित. शिक्षकाची खोड जात नाहीं. स्वच्छ चित्रास सेकंदाला ५ मेगाबिट लागतात असें धरूं. तासाचे ३,६०० सेकंद. म्हणजे १८,००० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून २,२५० मेगाबाइट, अर्थात् सव्वादोन गिगाबाइट झाले. घरीं तारेचें इंटरनेट नाहीं व फोनचाच हॉटस्पॉट खोक्याला जोडला, तर रोजच्या दीड गिगाबाइटचा शिधा बरोबर ४० मिनिटांत संपतो. तेव्हां चित्र मध्येंच गोठलें तर यंत्रास दोष देण्यापूर्वीं शिधा शिल्लक आहे कीं नाहीं, तें पाहावें. उलट छत्रीवरून आठ प्रहर टीव्ही पाहिला तरी या शिध्यांतला कणहि खर्च होत नाहीं. म्हणून बातम्या, सामने, सह्याद्री वाहिनी हें आकाशाच्या रस्त्यानें पाहावें. मागून घ्यावयाचें तेवढेंच गल्लीच्या रस्त्यानें मागावें.

पासवर्डासंबंधीं दोन शब्द अधिक. ती घराची किल्ली आहे. दाराची किल्ली आपण दूधवाल्यास देत नाहीं. पण पासवर्ड राउटरवरच चिठ्ठी लावून सर्वांस दाखवितों. खोका जोडावयास आलेल्या परक्या माणसास तो तोंडीं सांगण्यापेक्षां आपण स्वतः भरावा, आणि सांगावाच लागला तर नंतर बदलावा. याहून वाईट प्रकार फोनवरून होतो. "तुमचा बॉक्स आज रात्रीं बंद पडणार आहे, आलेला ओटीपी सांगा," किंवा "हें ॲप फोनमध्यें घ्या, मी इथूनच जोडून देतों," असें कोणी सांगूं लागला, तर बोलणें तेथेंच थांबवावें. खोका वायफायला जोडण्यास ना ओटीपी लागतो, ना फोन दुसऱ्याच्या ताब्यांत द्यावा लागतो. फसगत झालीच, तर लाजून घरीं बसूं नये. १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. उशीर होतो तितका पैसा हातचा जातो.

शेवटीं पावसाळ्याविषयीं. मुसळधार सर आली कीं छत्रीचें चित्र तुकडे तुकडे होतें, कारण तिच्या लहरी पाण्यांत शोषल्या जातात. सर ओसरली कीं चित्र परत येतें. तेवढ्यासाठीं कारागिरास बोलावूं नये. मात्र पाऊस थांबूनहि चित्र आलें नाहीं, तर गच्चीवरच्या केबलीच्या जोडांत पाणी शिरलें आहे काय, तें पाहवून घ्यावें. अशा वेळीं गल्लीचा रस्ता उपयोगी पडतो. पण वीज गेली कीं राउटर निजतो, आणि खोकाहि निजतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां अनेक भागांतली वीजहि गेली व फोनहि मुके झाले. खाडीकांठच्या आम्हां भाईंदरकरांनीं तरी तो दिवस विसरूं नये. म्हणून दोन रस्ते जोडून झाल्यावर कपाटांत एक लहानसा रेडिओ व त्याचे ताजे सेल ठेवावे. त्याला पासवर्ड लागत नाहीं.

श्रोतेहो, आज सायंकाळीं एवढें करून पाहा: खोक्याची मागची बाजू पाहा, राउटर कोठें आहे तें पाहा, आणि रिमोट घरांतल्या सर्वांत वडील माणसाच्या हातीं द्या.