नऊशे नव्व्याण्णवचं ‘लाइफटाइम’ आणि विद्यार्थ्यांचं लायसन्स

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून करतोय. औशाहून एका मुलाने पाठवलाय. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीने लातूरला कॉलेजला जातो आणि संध्याकाळी औशातल्याच एका फोटो स्टुडिओत बसतो. त्याचेच शब्द ऐकवतो: “दादा, मी एडिटिंग शिकायलोय. लग्नाचे हायलाइट मीच करतो आता. व्हॉट्सअॅपवर एक जण प्रीमिअर प्रो लाइफटाइम नऊशे नव्व्याण्णवला देतो म्हणायलाय. आणि साइटवर स्टुडंट डिस्काउंट पण दिसायलंय. कोणतं घेऊ? आणि स्टुडंटवालं घेतलं तर लग्नाच्या ऑर्डरी करता येतात का?”

प्रश्न दोन आहेत आणि दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. पण आधी ते नऊशे नव्व्याण्णव उरकून टाकू.

अडोबीने २०१३ साली ठरवलं की नवीन सॉफ्टवेअर इथून पुढे फक्त भाड्याने द्यायचं. म्हणजे दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे. तेव्हापासून प्रीमिअर प्रोचं नवं ‘लाइफटाइम’ लायसन्स कंपनी स्वतःच विकत नाही. जी वस्तू कंपनी विकत नाही ती व्हॉट्सअॅपवरचा भाऊ कुठून आणतो? एकतर ते क्रॅक असतं. नाहीतर कुठल्यातरी कॉलेजच्या किंवा कंपनीच्या खात्यातली एक जागा तुम्हाला दिलेली असते. मेल आयडी त्यांचा, पासवर्ड त्यांनी दिलेला. लॉगिन होतं, सगळं चालतं, आपण खूश. पण त्या खात्याचा मालक तुम्ही नाही. त्या संस्थेतल्या माणसाने एक दिवस यादी तपासली की तुमचं नाव उडालं, आणि त्या क्लाउडवर काही ठेवलं असेल तर तेही गेलं. ऐन लग्नसराईत हे झालं तर नवरीच्या बापाला काय सांगणार?

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण ‘आपल्याकडं कोण विचारतंय’ हे वाक्य फार ऐकू येतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३-बी आहे. माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर वापरलं तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. कमाईसाठी किंवा धंद्यात वापर नव्हता असं सिद्ध झालं तर कोर्ट कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. आता लग्नाची ऑर्डर ही कमाई आहे की नाही, हे तुम्हीच सांगा.

आता विद्यार्थी लायसन्स. हे समजायला एसटीचा पास डोळ्यासमोर आणा. तिकिटाचे जवळपास दोन तृतीयांश पैसे वाचतात, पण त्यासाठी कॉलेजचं बोनाफाईड लागतं. पासवर तुमचं नाव असतं, फोटो असतो, मार्ग लिहिलेला असतो. तुमच्या पासवर तुमचा चुलतभाऊ गेला तर कंडक्टर त्याला सोडणार नाही. पास विकता येत नाही, मुदत संपली की नवा काढावा लागतो. सॉफ्टवेअरचं असंच आहे. पैसे देऊन आपण वस्तू घेत नाही, वापरायची परवानगी घेतो. त्या परवानगीवर नाव असतं आणि अटी असतात.

कंपन्या ही सवलत काही प्रेमाने देत नाहीत बरं का. विसाव्या वर्षी ज्याच्यावर बोटं बसतात, तेच माणूस पुढे पूर्ण पैसे देऊन घेतं. हे आपल्याला माहीत असावं, एवढंच. सवलत मिळतेय तर घ्यायला हरकत नाही.

पासचं उदाहरण एका ठिकाणी मात्र तोकडं पडतं. पास काढलेला पोरगा कॉलेजला चाललाय की बाजाराला, हे कंडक्टर विचारत नाही. सॉफ्टवेअर कंपनी विचारते. आणि प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं असतं. अडोबीचा विद्यार्थी प्लॅन घेऊन तुम्ही पैशाचं काम करू शकता, त्यांच्या नियमात ते बसतं. म्हणजे आपल्या औशाच्या भावाला लग्नाच्या ऑर्डरी करता येतील. पण उद्या तो थ्रीडी शिकायला लागला आणि ऑटोडेस्कचं माया विद्यार्थी म्हणून फुकट घेतलं, तर त्यावर एक रुपयाचंही काम करता येत नाही. ते फक्त शिकण्यासाठी आहे. म्हणून घेण्याआधी अटींच्या पानावर ‘कमर्शियल’ हा शब्द शोधा. मोबाईलवर ‘फाइंड इन पेज’ केलं की दोन मिनिटांचं काम आहे.

आता खरी अडचण स्टुडिओत येते. मालक म्हणतो, “अरे तुझं स्टुडंटवालं हाय ना, टाक की दुकानाच्या मशीनवर, दोघं वापरू.” अडोबीचं वैयक्तिक लायसन्स दोन कॉम्प्युटरवर चालू ठेवता येतं, पण वापरायचं एकाच माणसाने आणि एका वेळी एकाच मशीनवर. दुकानाच्या मशीनवर तू बसलास तर ठीक. तू लातूरला कॉलेजात असताना मालक किंवा दुसरा पोरगा त्यावर एडिटिंग करत बसला तर ते लायसन्सबाहेर गेलं, आणि खातं तुझ्या नावाचं आहे. मालकाला नाही म्हणणं अवघड असतं, मला कळतं. शेवटी काम तोच देतो. पण “मालक, तुमच्या मशीनला तुमचं घ्या, मी तुम्हाला फुकटवालं चांगलं बसवून देतो” असं म्हणता येतं. ते फुकटवालं कोणतं, त्यावर येतोच.

त्याआधी कागदपत्रं. कॉलेजचा मेल आयडी असेल तर पडताळणी पटकन होते. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत तो मिळतच नाही. मग ओळखपत्र, निकालपत्र किंवा फीची पावती अपलोड करायची असते. त्यावर तुमचं नाव, संस्थेचं नाव आणि अलीकडची तारीख दिसायला हवी. ओळखपत्रावर वर्ष छापलेलं नसेल तर तिथेच गाडी अडकते, म्हणून फीची पावती जपून ठेवा. नाव आधार, पावती आणि खातं तिन्हीकडे सारखं टाका. आणि दुसऱ्याच्या पावतीवर घेऊ नका. ते खातं कायम त्याचंच राहतं.

आता पैसे. मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा बहुतेक वेळा पहिल्या वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो वाढतो, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुसरी गोष्ट, ‘वार्षिक, मासिक हप्त्याने’ असं लिहिलं असेल तर तो बारा महिन्यांचा करार आहे. महिन्याला पैसे कापले जातात म्हणून कधीही सोडता येईल असं नाही. अडोबीत पहिल्या चौदा दिवसांत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यानंतर सोडलं तर उरलेल्या महिन्यांच्या निम्मी रक्कम मागतात. हे शुल्क ग्राहकांपासून लपवलं, असा आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या सरकारने जून २०२४ मध्ये अडोबीवर खटलाच दाखल केला. म्हणजे फसल्यासारखं वाटणारे आपणच एकटे नाही.

लग्नाचं काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं आणि पावसाळ्यात थांबतं. हप्ता मात्र आषाढातही जातो. हिशोब बारा महिन्यांचा करा.

आता फुकटवालं. दा विंची रिझॉल्व्ह. ब्लॅकमॅजिक कंपनीचं आहे, फुकट आवृत्तीवर पैशाचं काम केलेलं चालतं, व्हिडिओवर शिक्का येत नाही. फोर-के अल्ट्रा एचडीपर्यंत एक्स्पोर्ट होतं. लग्नाला ते भरपूर आहे. एकच गोष्ट खटकेल: मंडपातल्या कमी उजेडातल्या शूटिंगमधले दाणे काढायचं नॉइज रिडक्शन फुकटमध्ये नाही, ते पैशाच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. तिची अमेरिकेतली किंमत बरीच वर्षं २९५ डॉलर राहिली आहे, तीही एकदाच. विद्यार्थी असल्याचा पुरावा नाही, हप्ता नाही. अडचण लॅपटॉपची. रिझॉल्व्हला चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि सोळा जीबी रॅम लागते. आठ जीबीचा साधा लॅपटॉप असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट बघा, दोन्ही मुक्त आणि फुकट. आणि हो, लग्नाच्या धंद्यात एडियस चालवणारे स्टुडिओ खूप आहेत. मालक त्यावरच काम करत असेल तर तेही हाताखालून जाऊ द्या, रोजगार तिथेच आहे.

‘जुन्यावर किंवा फुकटवर काम केलं तर लोक हसतील’ असं कुणी म्हणालं तर ‘पॅरासाइट’चं नाव सांगा. ऑस्कर मिळालेला कोरियन सिनेमा, २०१९ चा. तो फायनल कट प्रो सेव्हनवर एडिट झाला, जे अॅपलने २०११ मध्येच बंद केलं होतं.

मी त्या मुलाला काय सांगितलं? कॉलेजची दोन वर्षं आहेत, लॅपटॉप झेपत असेल तर आधी एक सीझन रिझॉल्व्ह फुकट चालव. आफ्टर इफेक्ट्स, फोटोशॉप खरंच रोज लागायला लागलं, तर अडोबीचा विद्यार्थी प्लॅन स्वतःच्या नावावर घे. त्यात ते सगळं एकत्र मिळतं. घेतलास की त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये अकराव्या महिन्याचं रिमाइंडर लाव. ऑटोपेचा पैसे कापण्याआधीचा मेसेज येतो, तोही वाच, नुसता स्वाइप करू नकोस. आणि फुटेज, प्रोजेक्ट, तयार व्हिडिओ सगळं स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेव, क्लाउडवर सोडू नकोस. प्लॅन संपला की प्रोजेक्टची फाइल आपल्याकडे असूनही उघडत नाही. म्हणून बंद करण्याआधी प्रत्येक कामाची चांगल्या क्वालिटीची एक प्रत काढून ठेवायची.

त्याचा उलटा मेसेज आलाय, मालकाच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड आहे म्हणे. पुढच्या भागात लग्नाच्या व्हिडिओला लावलेल्या गाण्यांवर यूट्यूब क्लेम का येतो, त्यावर बोलू. तुमचे व्हॉइस मेसेज पाठवत राहा.